बोन स्कॅनमागचा माणूस: जॉर्ज हेवेशी

वडिलांचा पीएसए वाढलेला निघाला, बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं कळलं आणि आता युरोसर्जननी चिठ्ठीवर बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट-सीटी लिहून दिलं आहे. अशी चिठ्ठी हातात घेऊन तुम्ही हे वाचत असाल, तर मनात दोन प्रश्न असणार. कॅन्सर पसरलाय का, हा पहिला. दुसरा प्रश्न माझ्या दवाखान्यात लोक जरा खालच्या आवाजात विचारतात. शिरेतून किरणोत्सारी औषध देणार म्हणजे नक्की काय करणार, आणि एक आजार शोधताना दुसरा तर मागे लागणार नाही ना?

मी जनरल प्रॅक्टिस करतो, न्यूक्लिअर मेडिसिनचा तज्ज्ञ नाही. तरी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यातून सगळ्यात सोपं सांगता येतं. त्यांचं नाव जॉर्ज हेवेशी. आज जगभर जे जे न्यूक्लिअर स्कॅन होतात, त्या सगळ्यांमागची मूळ कल्पना त्यांची. आणि ती सुचली एका सपशेल अपयशातून.

हेवेशींचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्टचा. घर श्रीमंत, मूळचं ज्यू, पण धर्माने कॅथलिक झालेलं. आठ भावंडं. शिक्षण बुडापेस्ट, बर्लिन आणि फ्रायबुर्गला, डॉक्टरेट १९०८ साली. पुढे झुरिच, कार्ल्सरुहे असं करत १९११ मध्ये ते मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत पोहोचले. त्या काळात अणूबद्दल नवं काही शिकायचं तर मँचेस्टरसारखी जागा नव्हती.

रदरफोर्ड यांच्याकडे ऑस्ट्रियन सरकारने दिलेलं शेकडो किलो शिसं पडून होतं. योआखिमस्टालच्या खाणीतल्या खनिजातून रेडियम काढल्यावर उरलेलं हे शिसं. त्यात रेडियम-डी नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता आणि तो रदरफोर्डना हवा होता. शिशातून रेडियम-डी वेगळं करून दाखवा, असं काम त्यांनी या तरुण केमिस्टला दिलं. हेवेशी जवळजवळ दोन वर्षं त्यामागे लागले. माहीत असलेली प्रत्येक रासायनिक पद्धत वापरून पाहिली. काहीच हाती लागलं नाही. शिसं जिकडे जाई तिकडे रेडियम-डी त्याच्यासोबत जाई.

कारण आज शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. रेडियम-डी हे शिसंच होतं, शिशाचा किरणोत्सारी समस्थानिक. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांत फरकच नाही, मग वेगळं होणार कसं? समस्थानिक ही कल्पनाच तेव्हा नुकती आकार घेत होती.

हेवेशींची खरी कमाल इथे दिसते. हे वेगळं होत नाही याचा अर्थ ते कायम शिशाच्या बरोबर राहतं, असा विचार त्यांनी केला. म्हणजे साध्या शिशात चिमूटभर रेडियम-डी मिसळलं तर ते शिसं कुठे गेलं हे त्याच्या किरणांवरून कळेल. गर्दीत हरवू नये म्हणून जत्रेत मुलाच्या डोक्यावर लाल टोपी घालावी, तसं. टोपीमुळे मुलाचं चालणं बदलत नाही, फक्त ते लांबून दिसतं. १९१३ साली व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथ यांच्यासोबत त्यांनी या युक्तीने, पाण्यात जवळपास न विरघळणारे शिशाचे क्षार नेमके किती विरघळतात, ते मोजून दाखवलं. ट्रेसर पद्धतीची ही सुरुवात. उद्या तुमच्या वडिलांच्या शिरेत जाणारं औषध म्हणजे ही लाल टोपीच आहे.

मँचेस्टरच्या दिवसांतला एक किस्सा हेवेशींबद्दल हमखास सांगितला जातो, तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. ते ज्या खानावळीवजा घरात राहत, तिथल्या मालकीणबाई रविवारचं उरलेलं मटण आठवडाभर वेगवेगळ्या रूपात वाढतात, असा त्यांना संशय होता. बाई ते मान्य करीनात. एका रविवारी हेवेशींनी ताटात उरलेल्या पदार्थात किंचितसा किरणोत्सारी पदार्थ टाकला आणि पुढे काही दिवसांनी पानात आलेल्या पदार्थाजवळ इलेक्ट्रोस्कोप धरला. उपकरणाची पानं हलली, बाई सापडल्या. आज कुणी असं केलं तर त्याला नोकरी आणि खोली दोन्ही सोडावं लागेल. पण कुठल्याही स्कॅनची पद्धत या किस्स्यात पूर्ण आली आहे: खूण टाका, थांबा, मग बाहेरून मोजा.

पुढची काही वर्षं पहिल्या महायुद्धात आणि हंगेरीतल्या उलथापालथीत गेली. १९२० मध्ये हेवेशी कोपनहेगनला, मँचेस्टरपासूनचे मित्र नील्स बोर यांच्या संस्थेत आले. तिथे १९२३ मध्ये डर्क कोस्टर यांच्यासोबत त्यांनी हाफ्नियम हे नवं मूलद्रव्य शोधलं. केमिस्टच्या आयुष्याचं सार्थक व्हायला एवढं पुरेसं होतं. आपल्या दृष्टीने मात्र त्याच वर्षीचा दुसरा, साधासा प्रयोग जास्त मोलाचा. त्यांनी बाकल्याची रोपं किरणोत्सारी शिशाच्या द्रावणात ठेवली आणि शिसं मुळांत किती, खोडात किती, पानांत किती जातं ते मोजलं. सजीवात ट्रेसर सोडण्याची ही पहिली वेळ.

पण शिसं विषारी. शरीराला त्याची गरजही नाही. माणसाच्या शरीराचा कारभार समजून घ्यायचा तर शरीर रोज वापरतं असं काहीतरी हवं होतं: पाणी, फॉस्फरस, लोह.

पाण्याची संधी आधी आली. अमेरिकेत हॅरल्ड युरी यांनी जड पाणी शोधलं आणि थोडं हेवेशींना दिलं. हे किरणोत्सारी नसतं, फक्त साध्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं. हेवेशी आणि त्यांचे सहकारी होफर यांनी १९३४ मध्ये ते पातळ करून चक्क स्वतः पिऊन पाहिलं आणि पुढे कितीतरी दिवस लघवी तपासत राहिले. प्यालेलं पाणी शरीरात सरासरी जवळजवळ दोन आठवडे राहतं असं दिसलं. तुम्ही सकाळी प्यायलेला ग्लास तासाभरात बाहेर पडतो असं वाटतं ना? बाहेर पडतं ते बहुतेक जुनंच पाणी असतं.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी या दांपत्याने कृत्रिम किरणोत्सार शोधला. साध्या मूलद्रव्यांना प्रयोगशाळेत किरणोत्सारी करता येऊ लागलं. हेवेशी तेव्हा फ्रायबुर्गला प्राध्यापक होते. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९३४ मध्ये ते पुन्हा कोपनहेगनला बोर यांच्याकडे आले.

हाड जिवंत असतं

आता बोन स्कॅनच्या गाभ्याशी येऊ. इथे जरा थांबून वाचा, कारण रिपोर्ट हातात आल्यावर हाच भाग उपयोगी पडणार आहे.

कोपनहेगनमध्ये हेवेशींनी गंधकयुक्त कार्बन डायसल्फाइडवर न्यूट्रॉनचा मारा करून किरणोत्सारी फॉस्फरस तयार केला, फॉस्फरस-३२. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा होतो. चिएविट्झ नावाच्या डॅनिश डॉक्टरांसोबत त्यांनी तो उंदरांना खाऊ घातला आणि १९३५ मध्ये निष्कर्ष छापला. त्या ऑक्टोबरात बोर पन्नास वर्षांचे झाले, तेव्हा डेन्मार्कमध्ये वर्गणी काढून त्यांना ६०० मिलिग्रॅम रेडियम भेट देण्यात आलं. ते हेवेशींच्या न्यूट्रॉनसाठी कामी आलं आणि प्रयोग जोरात सुरू झाले.

तोपर्यंत समज असा होता की वाढ पूर्ण झाली की हाडं म्हणजे घराचे खांब. एकदा उभे केले, झालं. हेवेशींना वेगळंच दिसलं. पूर्ण वाढलेल्या उंदरांच्या हाडांतही नवा फॉस्फरस जाऊन बसत होता आणि आधीचा बाहेर पडत होता. फॉस्फरसचा अणू उंदराच्या शरीरात सरासरी सुमारे दोन महिने राहून निघून जात होता. हाड सतत मोडतं आणि सतत बांधलं जातं, हे त्या लाल टोपीने दाखवून दिलं.

बोन स्कॅन यावरच चालतो. १९७१ मध्ये अमेरिकेत सिराक्यूजला जी. सुब्रमणियन आणि जॉन मॅकअफी यांनी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य फॉस्फेटच्या साखळीला बांधलं. आज त्याच कुळातलं एमडीपी नावाचं औषध वापरतात. टेक्नेशियमला हाडाचं काही देणंघेणं नाही, पण फॉस्फेटचा भाऊबंद त्याला हाडाकडे घेऊन जातो. जिथे हाड जोरात बांधलं जात असेल तिथे ते जास्त गोळा होतं आणि गॅमा कॅमेऱ्यात ती जागा गडद दिसते. इंजेक्शन दिल्यावर दोन ते चार तास थांबवतात, भरपूर पाणी प्यायला आणि लघवी करायला सांगतात, ते यासाठी की हाडात न बसलेलं औषध धुऊन निघावं आणि चित्र स्वच्छ यावं. मूत्राशय भरलेलं राहिलं तर मागचं ओटीपोटाचं हाड झाकलं जातं.

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तेव्हा त्याचा ओढा हाडांकडे असतो, विशेषतः कमरेचे मणके, ओटीपोट आणि बरगड्या. आणि इतर बरेच कॅन्सर हाड पोखरतात, तर हा आजूबाजूला वेडंवाकडं नवीन हाड बांधायला लावतो. म्हणून या कॅन्सरसाठी बोन स्कॅन इतकी वर्षं उपयोगी पडला.

पण नीट लक्षात घ्या. या स्कॅनमध्ये दिसतं ते हाडाचं बांधकाम. कॅन्सर त्यात थेट दिसत नाही. जुनं फ्रॅक्चर भरून येत असेल, गुडघ्यात संधिवात असेल, मणक्यांची झीज असेल, तिथेही बांधकाम चालूच असतं आणि तिथेही काळा ठिपका येतो.

हे मी शिकलो ते जरा लाजिरवाण्या पद्धतीने. बरीच वर्षं माझ्याकडे येणाऱ्या एका काकांचा बोन स्कॅन झाला. मुलगा रिपोर्ट घेऊन आधी माझ्याकडे आला. दोन बरगड्यांवर ओळीने ठिपके होते. मी ते वाचलं, चेहरा गंभीर केला आणि पसरलेलं असू शकतं असं सांगून टाकलं. घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणतात तशी अवस्था झाली. तिसऱ्या दिवशी न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी काकांना एकच प्रश्न विचारला: अलीकडे कुठे पडला होतात का? आठ महिन्यांपूर्वी ते शेताच्या बांधावरून पडले होते, छातीला मार लागला होता आणि त्या दुखण्याच्या गोळ्या मीच दिल्या होत्या. सीटीत भरत आलेलं फ्रॅक्चर दिसलं. कॅन्सर प्रोस्टेटपुरताच होता, त्यांचं ऑपरेशन झालं. ओळीतल्या लागोपाठच्या बरगड्यांवर ठिपके असले तर आधी मार आठवावा, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं.

याची उलट बाजूही आहे. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्कॅन आधीपेक्षा वाईट दिसू शकतो, कारण कॅन्सर मागे हटतो तिथे हाड भरून येऊ लागतं. पीएसए उतरतोय, दुखणं कमी होतंय आणि ठिपके मात्र गडद झालेत, असं असेल तर घाबरून औषध बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

अम्लराजातलं सोनं

हेवेशींची गोष्ट अर्धवट राहिली. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं. बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं सांभाळायला ठेवलेली होती. हिटलरच्या राज्यात देशाबाहेर सोनं पाठवणं मोठा गुन्हा होता आणि पदकांवर तर नावंच कोरलेली. हेवेशींना वाटलं पुरून टाकावीत. बोर म्हणाले, उकरून काढतील. शेवटी रस्त्यावरून सैन्य चाललेलं असताना हेवेशींनी दोन्ही पदकं अम्लराजात विरघळवली. सोनं सहजासहजी विरघळत नाही, दिवस त्यातच गेला. नारिंगी द्रावणाची बाटली फळीवर इतर बाटल्यांत ठेवली गेली आणि सैनिकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. युद्ध संपल्यावर त्यातून सोनं परत काढलं आणि नोबेल संस्थेने पदकं पुन्हा ओतून दिली.

१९४३ मध्ये जीव वाचवण्यासाठी हेवेशी स्वीडनला गेले. १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल, जे १९४४ मध्ये जाहीर झालं, ते त्यांना ट्रेसर पद्धतीसाठी मिळालं. स्टॉकहोममध्ये त्यांनी हान्स फॉन ऑयलर यांच्याबरोबर उंदरांच्या गाठींवर काम केलं आणि क्ष-किरण दिल्यावर गाठीत नवा डीएनए तयार होणं मंदावतं हे फॉस्फरस-३२ ने दाखवलं. कॅन्सरला रेडिएशन का लागू पडतं, याचा हा एक सुरुवातीचा पुरावा. पुढे कॅन्सरच्या रुग्णांमधल्या लोहाचा हिशोबही त्यांनी ट्रेसरनेच मांडला. ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबुर्गमध्ये त्यांचं निधन झालं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९६३ मध्ये, मुंबईत अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं होतं. परळला टाटा मेमोरियलच्या आवारात ते आजही चालतं.

पीएसएमए स्कॅन वेगळा कसा

हेवेशींनी खूण हाडाला लावली. आता खूण थेट कॅन्सरच्या पेशीला लावता येते. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला नेमका चिकटणारा एक छोटा रेणू घेतात आणि त्याच्या पाठीवर गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ बसवतात. गॅलियमचा हा रेणू जर्मनीत हायडेलबर्गला तयार झाला आणि २०११ पासून रुग्णांमध्ये वापरला जाऊ लागला. यात हाडाबरोबर लसिका ग्रंथींतला, म्हणजे लिम्फ नोडमधला लहानसा प्रसारही दिसू शकतो. बोन स्कॅनला तो कधीच दिसत नाही.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅन्सर पसरण्याचा धोका जास्त असलेल्या ३०२ पुरुषांमध्ये ऑपरेशन किंवा रेडिएशनच्या आधी दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या होत्या. पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के निघाली, बोन स्कॅन अधिक सीटी या जुन्या जोडीची ६५ टक्के. शरीराला मिळालेले किरणही पीएसएमएमध्ये निम्म्याहून कमी होते.

तरी लगेच हा स्कॅन करून घ्यायला धावू नका. पीएसए थोडा वाढला म्हणून कुणी थेट पेट स्कॅन सुचवत असेल तर आधी कारण विचारा. निदान बायोप्सीने होतं, त्याआधी बहुतेकदा एमआरआय करतात. स्कॅन लागतो तो पसरलाय का हे पाहायला, आणि बायोप्सीत कमी धोक्याचा कॅन्सर निघाला असेल तर बऱ्याचदा तोही लागत नाही. शिवाय नावात प्रोस्टेट असलं तरी पीएसएमए लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंड आणि लहान आतडं इथेही असतं. त्या जागा चमकणारच, रिपोर्टमधलं चित्र गूगलवर टाकून घाबरू नका. बरगडीतले बारीक ठिपके इथेही फसवतात. आणि काही थोड्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन नसतंच, तेव्हा स्कॅन कोरा येऊनही कॅन्सर असू शकतो. साखरेसारख्या औषधाचा नेहमीचा पेट स्कॅन या कॅन्सरसाठी सुरुवातीला फारसा कामाचा नसतो, त्यामुळे चिठ्ठीवर पीएसएमए लिहिलेलं आहे ना, ते पाहून घ्या.

आता तो खालच्या आवाजातला प्रश्न. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. दुपारी बाराला इंजेक्शन दिलं तर रात्री साडेअकरापर्यंत ते हजाराव्या हिश्शावर येतं, लघवीवाटे जातं ते वेगळंच. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्सा. औषधाचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की शरीराच्या कामावर त्याचा परिणाम होत नाही. हेवेशींना रेडियम-डी शिशातून वेगळं काढता आलं नाही, त्यालाही अशाच सूक्ष्म प्रमाणाची भूल पडली नव्हती, पण शरीराचा व्यवहार न बिघडवता मोजता येतं ते मात्र या सूक्ष्मपणामुळेच. किरणांचा धोका शून्य नाही, थोडा आहे, पण कॅन्सरची स्टेज चुकण्याच्या धोक्यापुढे तो फार लहान आहे. त्या दिवशी घरी आल्यावर नातवंडांना मांडीवर घेऊ नका, घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर थोडं अंतर ठेवा, पाणी भरपूर प्या. किती तास पाळायचं ते सेंटरवर सांगतील. जेवणाचं ताट वेगळं करण्याची गरज नाही.

जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, पीएसएचे आधीचे आकडे आणि चालू औषधांची यादी घ्या. हार्मोनचं इंजेक्शन झालं असेल तर तारीख सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण सीटीसाठी वेगळं औषध देणार असतील तर ते आधी कळायला हवं. आणि गेल्या दोन वर्षांत कुठे पडले, कुठे मार लागला, दात काढला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते सगळं घरी बसून आठवून एका कागदावर लिहून न्या.